डच्चू दिलेला माणूस

लखनऊमध्ये कुठल्याही मराठी माणसाला मराठी शब्द अडला की फोन मलाच येतो. आता स्वतःची स्तुती स्वतः कशी करायची, पण खरं ते सांगितलंच पाहिजे! आमच्या मराठी मंडळातली निम्मी माणसं 'सब्जी आणली का' म्हणतात आणि उरलेली निम्मी 'भाजी लाई क्या' म्हणतात. या खिचडीत अख्खा तांदूळ म्हणाल तर मी एकटा. विष्णू केळशीकर, मुक्काम अलीगंज, नोकरी बँकेत. 'हुंदडणे' आणि 'उंडारणे' यांतला फरक मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण गेल्या मे महिन्यात एका साध्या, दोन अक्षरी शब्दानं मला असं काही लोळवलं, की विचारू नका!

झालं असं. रविवारची सकाळ होती. मी बाल्कनीत कूलरमध्ये पाणी भरत होतो आणि आत माझी बायको पद्मिनी फोनवर तिच्या बहिणीशी, म्हणजे साताऱ्याच्या विनीताशी बोलत होती. पद्मिनी इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. एरवी ती मोजकं बोलते. विनीताचा फोन आला की मात्र धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडतात.

"अगं, तोच सुजय!" ती म्हणत होती. "मी डच्चू दिलेला! इथं छावणीत बदली होऊन आलाय. लेफ्टनंट कर्नल झालाय!"

माझ्या हातातला पाइप कूलरमधून निघाला आणि थेट खालच्या तिवारीजींच्या वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन पडला. खालून आरोळी आली, "अरे केलसकर साहब, पापड़!" पण मला कुठलं ऐकू येतंय! माझे दोन्ही कान दिवाणखान्यात होते.

"चुकलंच गं माझं," पद्मिनी म्हणत होती. "तेव्हा रागाच्या भरात डच्चू दिला त्याला. आणि त्याच्या जागी कोण घेतला? तर तो ओंडका! करणार काय, तारीख तोंडावर आलेली, दुसरं कुणी मिळतच नव्हतं. आठवतंय ना, सगळ्या लोकांसमोर कसा दरदरून घाम फुटला होता त्याला? एक ओळ धड बोलता येईना! शेवटी मी हळूच कानात सांगितली तेव्हा कुठं तोंडातून बाहेर पडली."

मी जागच्या जागी गार झालो. लखनऊच्या मे महिन्यात, कूलर बंद असताना, गार!

कारण ती ओळ मला चांगली आठवत होती. आमच्या लग्नात उखाणा घेताना मी अडलो होतो. घाम फुटला होता. आणि पद्मिनीनंच कानात पुढचे शब्द सांगितले होते. म्हणजे ओंडका कोण? मी! आणि माझ्या जागेचा मूळ मालक कोण? तर लेफ्टनंट कर्नल सुजय!

"पापा, डच्चू मतलब?" आमची कन्या आर्या पाठीमागे येऊन उभी होती. चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून.

"डच्चू म्हणजे... काढून टाकणं. वगळणं. संघातून खेळाडूला देतात, मंत्रिमंडळातून मंत्र्याला देतात," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो.

"और लड़की लड़के को दे तो?"

"तर... तर मग..."

"डंप!" आर्याचे डोळे चमकले. "मम्मा ने किसी कर्नल को डंप किया था? कूल यार!"

तेवढ्यात पद्मिनी बाहेर आली. चेहरा असा फुललेला, की मी तिला पगारवाढीची बातमी दिली तेव्हासुद्धा इतका फुलला नव्हता. "अहो, माझा कॉलेजचा एक मित्र इथं आलाय. शनिवारी संध्याकाळी जेवायला बोलावलंय. त्याच्या क्वार्टरचा पत्ता तुम्हाला पाठवते, वेळ पडली तर घेऊन या त्याला."

"जरूर, जरूर!" मी म्हणालो. "फक्त मित्रच ना?"

"म्हणजे?"

"काही नाही. कूलर भरतोय."

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून निघालो तो थेट वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत पोचलो. तिथं पंढरीनाथ गोतमारे राहतो. नागपूरचा माणूस, विमा कंपनीत अधिकारी आणि आमच्या मंडळाचा सरचिटणीस. मराठीच्या बाबतीत माझ्या खालोखाल त्याचाच नंबर लागतो. त्याला आपला नंबर वरचा वाटतो, तो भाग वेगळा. मी नाव न घेता त्याला विचारलं, "पंढरी, समज एका मुलीला एक स्थळ आलं आणि तिनं नाही म्हटलं. तर 'डच्चू दिला' म्हणतात का रे?"

मला वाटलं होतं तो 'हो' म्हणेल. म्हणजे निदान प्रकरण कांदेपोह्यांपुरतंच राहिलं असतं. पण गोतमाऱ्यानं चष्मा पुसला, घसा साफ केला आणि माझ्या संसारावर बुलडोझर घातला.

"नाही भाऊ! स्थळाले नकार देतात. डच्चू वेगळा. नकार बाहेरच्याले, डच्चू आतल्याले! जो टीममध्ये हाय, त्यालेच टीममधून काढता येते ना? ज्याले कधी घेतलंच नाही, त्याले डच्चू कसा देशीन?"

"म्हणजे ज्याला डच्चू दिला तो आधी..."

"आत असलाच पाहिजे! चांगला ठाण मांडून! काऊन, कोणाचं काय झालं?"

"एका मित्राचं," मी म्हणालो.

"मग त्या मित्राले सांग, बायकोवर जरा ध्यान ठेव!" आणि हा माणूस स्वतःच्या विनोदावर इतका हसला की त्याच्या बायकोनं, विभावहिनींनी, स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणून दिला.

त्या आठवड्यात माझं लक्ष कशातच लागेना. बँकेत एका खातेदारानं नाव विचारलं तर मी 'ओंडका' म्हणणार होतो, जीभ चावली म्हणून वाचलो! इकडे घरात काय चाललं होतं? पद्मिनी भरल्या वांग्यांसाठी काटेरी देठाची छोटी वांगी शोधत तीन बाजार फिरली. सतरा वर्षांत मी 'भरली वांगी कर ना' म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं, इथं तसली वांगी मिळत नाहीत! कर्नलसाठी मात्र उगवली! लग्नात आलेला आणि आजवर कपाटाबाहेर न आलेला डिनर सेटसुद्धा निघाला. त्यातल्या ताटल्या बघून आर्यानं विचारलं, "ये हमारे घर के हैं?"

शेवटी मी ठरवलं. शत्रूला मैदानावर भेटायचं असेल तर आधी पाहणी केली पाहिजे. शनिवारी बँकेला सुट्टी होती. मी सकाळीच केसांना काळाभोर कलप लावला, नवा चिकनच्या भरतकामाचा कुर्ता चढवला, आणि पद्मिनी पक्षी बघायला वापरते ती दुर्बीण गळ्यात अडकवून स्कूटर काढली. बेत सोपा होता. छावणीत जायचं, त्याच्या क्वार्टरच्या आसपास झाडाखाली थांबायचं, लांबून एकदा माणूस बघून घ्यायचा. पोट सुटलंय का, टक्कल पडलंय का, एवढंच! देवाशपथ, दुसरा काही हेतू नव्हता.

छावणीचे रस्ते कसे, मोकळे, स्वच्छ, दोन्ही बाजूंना झाडं! तिथं माणूस थांबला की तो थांबलेला दिसतो. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी कडुनिंबाखाली स्कूटर लावली, दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि तिच्यात मला सगळ्यात आधी काय दिसलं? माझ्याकडेच चालत येणारा एक पहारेकरी. दुर्बिणीतून तर तो फारच मोठा दिसत होता!

"किससे मिलना है?"

"मिलना नहीं है भैया. बस देखना है."

"क्या देखना है?"

"साहब को. कर्नल सुजय साहब को."

"देखके क्या करेंगे?"

घाईघाईनं दुर्बीण झाडाकडे वळवून मी म्हणालो, "असल में मैं पक्षी देख रहा था."

"अभी तो आपने कहा साहब को देख रहे थे."

"दोनों!"

त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. तो माझ्या कपाळाकडे बघत होता. मी हात लावला. बोटं काळी! उन्हानं आणि हेल्मेटच्या वाफेनं कलप विरघळला होता आणि त्याचे ओघळ कपाळावरून, गालांवरून, माझ्या नव्या कोऱ्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरत होते.

"भेस बदलके आए हो?" तो ओरडला. आणखी दोघे धावत आले.

"नहीं भैया! ये मेरा असली चेहरा है! बाल नकली... मतलब बाल भी असली हैं, रंग नकली है!"

जितकं बोलावं तितका मी रुतत चाललो. मला गेटजवळच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं. दुर्बीण टेबलावर ठेवली गेली आणि तिघेही तिच्याकडे असे बघू लागले की जणू ती आत्ता टिकटिक करायला लागेल. "घर से किसी को बुलाइए," एक जण म्हणाला. घरून कुणाला? पद्मिनीला? तिला काय सांगू, की माझ्या जागेचा मूळ मालक बघायला आलो होतो? मी मान हलवून 'घर में कोई नहीं है' म्हणालो आणि नेमका त्याच वेळी माझा मोबाइल वाजला. पडद्यावर ठळक अक्षरांत 'पद्मिनी घर'! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

शेवटी त्यांनी ज्याला बोलवायला नको होतं त्यालाच फोन केला. लेफ्टनंट कर्नल सुजय!

तो आला. बॅडमिंटन खेळून येत होता. सहा फूट उंच, पोट नावाचा अवयवच नाही! टक्कल पडेल अशी आशा होती तर डोक्यावर दाट केस. आणि ते केस चक्क पांढरे! चांदीसारखे! आणि तरीही माणूस देखणा! मी कलप लावून काळ्या घामानं न्हालेलो आणि हा पांढरे केस मिरवत टवटवीत! अन्याय, अन्याय म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

त्यानं माझं ओळखपत्र वाचलं. "केळशीकर? अरे, म्हणजे तुम्ही आमच्या पद्मीचे मिस्टर!"

पद्मी! आमच्या पद्मीचे! मी एकदा लाडात येऊन 'पद्मी' म्हटलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "ते नाव नको हं, ते कॉलेजचं आहे."

"मी... तुम्हाला न्यायला आलो होतो," मी म्हणालो.

"सकाळी अकराला? रात्रीच्या जेवणासाठी?"

"लखनऊमध्ये ट्रॅफिक फार असतो."

पहारेकऱ्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. कर्नल मात्र सज्जन माणूस! काही न विचारता त्यानं मला तोंड धुवायला पाणी दिलं आणि स्वतःचा टॉवेल दिला. इतक्या वाईट वेळी माणसानं चांगलं वागू नये. मत्सर करायलासुद्धा समोरच्यानं थोडी मदत केली पाहिजे की नाही!

संध्याकाळी सुजय आमच्या घरी आला. मी वाटेत मनातल्या मनात प्रार्थना केली होती, त्यामुळे असेल, त्यानं सकाळचा विषय काढला नाही. पद्मिनी आणि तो मात्र असे गप्पा मारायला लागले की मी आणि आर्या म्हणजे त्या घरातली खुर्च्या-टेबलं! "तो पाटील आठवतो?" "हो, आणि त्याची ती सायकल!" आणि दोघं हसताहेत. कोण पाटील? कुठली सायकल? मी उगीचच मधून मधून हसत होतो. आर्यानं मला टेबलाखालून पाय मारला. "पापा, आप क्यों हँस रहे हैं?"

वांगी वाढून झाली. पद्मिनी म्हणाली, "सुजय, आणखी घे. तुझ्यासाठीच केलीत."

माझा बांध तिथं फुटला. मी पोळीचा घास ताटात ठेवला आणि म्हणालो, "घ्या कर्नलसाहेब, घ्या! नाहीतरी तुमची जागा मीच अडवून बसलोय!"

"काय म्हणताय तुम्ही?" पद्मिनीनं विचारलं.

"मला सगळं माहीत आहे! यांना तू डच्चू दिलास. आणि डच्चू बाहेरच्या माणसाला देत नाहीत, आतल्याला देतात, मी चौकशी केली आहे! यांच्या जागी तुला ओंडका घ्यावा लागला. तारीख तोंडावर आली होती. ओंडक्याला घाम फुटला. त्याला ओळ आठवेना. कळतं मला! मी ओंडका असेन, पण मला कान आहेत!"

आर्यानं हळूच माझ्या हातावर हात ठेवला. पद्मिनी माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना! डोळ्यांतून पाणी, हातात वाढायचा डाव, आणि नुसतं हसणं!

सुजयनंच खुलासा केला. "अहो, नाटक! आंतरमहाविद्यालयीन एकांकिका! पद्मी दिग्दर्शक होती. मी राजा होतो. एन.सी.सी.च्या परेडमुळे मी तालमी बुडवल्या, तर हिनं सगळ्यांसमोर मला डच्चू दिला! दोन दिवस जेवलो नव्हतो मी. माझ्या जागी घेतलं वसतिगृहातल्या एका पोराला. तो स्टेजवर गेला आणि खांबासारखा उभा! प्रधानानंच राजाला हात धरून सिंहासनावर नेऊन बसवलं!"

"आणि कानात ओळ...?"

"ती मीच सांगितली," पद्मिनी डोळे पुसत म्हणाली. "मी राणीची दासी होते, म्हणून पंखा घेऊन जवळ गेले आणि सांगितली. अहो, तुम्हाला मी कशाला ओंडका म्हणेन?"

माझ्या छातीवरून रणगाडा उतरला! मी लगेच कर्नलच्या ताटात दोन वांगी वाढली. इतकंच काय, मी त्याला 'सुजयराव' म्हणालो! खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण हसण्याच्या भरात पद्मिनीच्या तोंडून निघून गेलं, "काय योगायोग बघा, खरा डच्चू तर तुम्हालाच..." आणि ती ताटल्या उचलायला लागली.

"मलाच काय?"

"काही नाही. श्रीखंड आणते."

"मम्मा, अब तो बोलना पड़ेगा!" आर्यानं तिची ओढणी धरली.

मग ते निघालं. मी पद्मिनीला बघायला साताऱ्याला गेलो होतो. मध्यस्थ होत्या देवयानीकाकू, आमच्या अलीगंजातल्याच, पद्मिनीच्या बाबांच्या लांबच्या नात्यातल्या. जन्म लखनऊचा, शिक्षण लखनऊचं, मराठी हळदीकुंकवापुरतं. मी परत आल्यावर पद्मिनीच्या बाबांनी काकूंना फोन करून सांगितलं, "मुलाला डच्चू द्यायचं ठरलंय. पण तुम्ही जरा गोड करून कळवा."

"काकूंनी 'डच्चू' हा शब्द जन्मात ऐकला नव्हता," पद्मिनी म्हणाली. "त्यांना त्यातलं एकच कळलं. गोड! त्यांना वाटलं, डच्चू म्हणजे साताऱ्याकडची मिठाई असणार! इथं मिळाली नाही म्हणून त्यांनी पेढे घेतले आणि तुमच्याकडे गेल्या."

मला तो दिवस आठवला. काकू दारातूनच ओरडल्या होत्या, "बधाई हो! लड़की वालों की तरफ़ से मुँह मीठा कीजिए!" आईनं देवापुढे दिवा लावला होता आणि ताबडतोब साताऱ्याला फोन केला होता.

"बाबांना तर बोलताच येईना," पद्मिनी सांगत होती. "तुमच्या आई तिकडे आनंदानं रडत होत्या. त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार, की पेढे चुकून आले? मग फोन माझ्या हातात आला आणि तिकडून तुम्ही. तुम्ही म्हणालात, 'थँक यू. मला वाटलं होतं तुम्ही मला नाहीच म्हणणार.' इतक्या प्रामाणिकपणे म्हणालात, की मला हसू आलं. मी बाबांना म्हटलं, राहू द्या आता. चालेल मला."

सुजय खुर्चीवरून उठला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. "म्हणजे आपण दोघं एकाच यादीतले! दोघांनाही डच्चू!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याही क्षणी माझ्या मनात काय आलं माहीत आहे? त्याला निदान स्वतः पद्मिनीनं डच्चू दिला होता. मला सासऱ्यांनी! म्हणजे यातसुद्धा हा माझ्या वरच!

आणि शब्दार्थाच्या दृष्टीनं बघाल तर मला डच्चू देताच येत नव्हता. मी अजून आत आलोच कुठं होतो? सासऱ्यांचा शब्दप्रयोगच मुळात चुकीचा होता. मी तसं म्हणूनही दाखवलं. पण पद्मिनीच्या डोळ्यांत अजून हसू होतं आणि ते माझ्यासाठी होतं. त्यामुळे मी वाद वाढवला नाही.

फक्त एकच गोष्ट विचारली. "पण नकाराचं कारण काय होतं? पत्रिका जुळत नव्हती?"

"पत्रिका उत्तम जुळत होती."

"पगार?"

"पगारही चांगला होता."

"मग?"

पद्मिनीनं सुजयकडे पाहिलं, मग आर्याकडे, मग श्रीखंडाकडे. "बाबा म्हणाले, मुलगा हुशार आहे, पण जळकुकडा वाटतो. पोहे खाताना तुम्ही सारखे बाबांच्या बशीत डोकावून बघत होतात."

आर्या खुर्चीवरून खाली पडायची बाकी होती. कर्नलनं सैनिकी शिस्त सोडली आणि तो टेबलावर डोकं ठेवून हसला.

हसा, तुम्हीही हसा! पण सासरे आता या जगात नाहीत, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. मी उगाच डोकावत नव्हतो. त्यांच्या पोह्यांत काजू होते. माझ्या पोह्यांत नुसते शेंगदाणे!